दूध, डाळ आणि मोकळे ग्लुटामेट

चायनीज खाल्ल्यावर घरातील एखाद्याचे डोके दुखते किंवा चेहरा गरम होतो, आणि मग अजिनोमोटो (मोनोसोडियम ग्लुटामेट म्हणजेच एमएसजी, ग्लुटामेटचा क्षार) बंद केल्यावर ‘नैसर्गिक ग्लुटामेट’ असलेल्या पदार्थांची यादी शोधली जाते. पुण्यातील घराघरांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या अशा याद्यांत गहू, तूरडाळ, दूध, पनीर आणि टोमॅटो एकाच ओळीत बसवलेले असतात. संवेदनशील माणसाची काळजी घेणाऱ्यासाठी अशी यादी निरुपयोगीच नव्हे, तर हानिकारकही आहे, कारण तिच्यामुळे वाढत्या मुलाच्या ताटातून वरण आणि दूध विनाकारण नाहीसे होते.

ग्लुटामेट हे एक अमिनो आम्ल आहे. प्रथिनात ते माळेतल्या मण्यासारखे इतर अमिनो आम्लांबरोबर ओवलेले असते, आणि या बांधलेल्या अवस्थेत जिभेला ते जाणवत नाही. जिभेवरील चव ओळखणारी ग्राहक प्रथिने (रिसेप्टर) फक्त मोकळे ग्लुटामेट ओळखतात. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री शेवाळातून वेगळे केले आणि ज्याच्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले, ते हेच मोकळे ग्लुटामेट. अजिनोमोटोच्या पुडीतले ग्लुटामेट आणि पिकलेल्या टोमॅटोतले ग्लुटामेट यांत रासायनिक फरक काहीही नाही. त्यामुळे ‘नैसर्गिक आहे म्हणजे बाधणार नाही’ या समजुतीला शास्त्रीय आधार नाही.

बांधलेले ग्लुटामेट मोकळे कसे होते, हे समजले की यादी पाठ करावी लागत नाही. हे काम प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) करतात, आणि त्यांना वेळ लागतो. गाईच्या १०० ग्रॅम दुधात बांधलेले ग्लुटामेट सुमारे ८०० मिलिग्रॅम असते, पण मोकळे जेमतेम २ मिलिग्रॅम. आईच्या दुधात मोकळे ग्लुटामेट त्याच्या सुमारे दहापट असते. दूध तापवून लिंबू पिळून केलेल्या ताज्या पनीरमध्ये प्रथिने एकत्र गोळा होतात, तुटत नाहीत. तेच दूध रेनेट (दूध साकळवणारे विकर) आणि जिवाणूंच्या स्वाधीन करून वर्ष-दोन वर्षे मुरवले, तर विकरे कॅसीन या दुधातल्या प्रथिनाचे तुकडे करत राहतात आणि पार्मेझानसारख्या चीजमध्ये मोकळे ग्लुटामेट १०० ग्रॅमला १२०० मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्याहून वर जाते. अशा चीजचा तुकडा मोडला की आत कचकचणारे पांढरे कण दिसतात. ते मिठाचे नसून बहुधा टायरोसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाचे स्फटिक असतात, म्हणजे प्रथिन तुटल्याची डोळ्यांना दिसणारी खूणच. सोया सॉसमध्ये हेच काम एका बुरशीची विकरे करतात.

टोमॅटोत पिकण्याची प्रक्रियाच हे घडवते. नारायणगावहून मार्केट यार्डात येणाऱ्या हिरवट टोमॅटोपेक्षा लालबुंद झालेल्या टोमॅटोत मोकळे ग्लुटामेट कितीतरी अधिक असते, आणि बाहेरच्या गरापेक्षा बियांभोवतीच्या बुळबुळीत भागात ते जास्त साठते. प्युरी आटवली की पाणी जाते, ग्लुटामेट मागे राहते. म्हणून पावभाजीत आणि केचपमध्ये ते एकवटलेले असते. मटार आणि अळिंबी यांत ते ताज्या अवस्थेतही बऱ्यापैकी असते. कोरड्या डाळींत मात्र बहुतेक सारे बांधलेले असते.

वरणातले ग्लुटामेट पोटात सुटत नाही का? सुटते, पण हळूहळू, आणि आतड्याच्या भिंतीतील पेशी त्यातले बहुतांश स्वतःच इंधन म्हणून वापरून टाकतात. संवेदनशीलतेच्या नियंत्रित चाचण्यांतही लक्षणे दिसली ती मुख्यतः ३ ग्रॅम किंवा त्याहून अधिक एमएसजी अन्नाशिवाय घेतल्यावर, काही जणांनाच आणि तात्पुरती. अन्नासोबत दिल्यावर ती सातत्याने दिसली नाहीत. म्हणून शरीरातून ग्लुटामेट ‘बाहेर काढणाऱ्या’ डिटॉक्स काढ्यांवर पैसे घालवू नयेत.

तरीही घरातल्या माणसाचा त्रास खरा असतो आणि त्याचा माग काढायलाच हवा. त्यासाठी मुरवलेले चीज, सोया सॉस, आटवलेला टोमॅटो आणि तयार सूप-मसाल्यांची पाकिटे एवढेच काही आठवडे थांबवावे, काय खाल्ले आणि किती वेळाने काय झाले हे लिहून ठेवावे, मग एकेक पदार्थ परत सुरू करून पाहावा. लहान मूल असेल तर हे आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच करावे. पाकिटावर ६२१ हा एमएसजीचा क्रमांक नसला, तरी ‘यीस्ट एक्स्ट्रॅक्ट’ किंवा ‘हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन’ असे लिहिले असेल, तर त्यात मोकळे ग्लुटामेट आहे असेच धरावे.