दुर्बिणीने की रोबोटने? जांघेतल्या हर्नियाच्या दोन शस्त्रक्रिया

मार्केट यार्डात वर्षानुवर्षे पोती वाहिलेला हमाल असो किंवा कोथरूडमधले निवृत्त शिक्षक असोत, जांघेत मऊ फुगवटा दिसतो, आडवे झाल्यावर तो आत जातो आणि खोकल्यावर पुन्हा वर येतो. डॉक्टर तपासून हर्निया, म्हणजे अंतर्गळ, असल्याचे सांगतात आणि घरात चर्चा सुरू होते ती दुर्बिणीने करायचे की रोबोटने याची. बहुतेक घरांत ही चर्चा सुरुवातीलाच वाट चुकते, कारण लहान छिद्रे, कमी वेदना, लवकर घरी जाणे असे जे फायदे रोबोटच्या नावावर सांगितले जातात, ते मुळात दुर्बिणीचेच आहेत. मोठ्या छेदाच्या शस्त्रक्रियेशेजारी ठेवला तर रोबोट सरस दिसणारच. त्याची खरी तुलना दुर्बिणीशी व्हायला हवी.

पोटाच्या आत दोन्हींत जवळजवळ एकच काम होते. पूर्ण भूल देऊन पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, सहसा तीन छिद्रांतून कॅमेरा व अवजारे आत सोडतात, आतले अस्तर उघडून बाहेर सरकलेला भाग मागे ओढतात, कमकुवत जागेवर साधारण 10 बाय 15 सेंटिमीटरची जाळी पसरतात आणि अस्तर पुन्हा मिटवतात. (दुर्बिणीने पोकळीत न शिरता पोटाच्या भिंतीच्या थरांमधूनही जाळी बसवता येते, रोबोटने सहसा पोकळीतूनच जातात.)

फरक आहे तो हाताचा. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सर्जन टेबलाशेजारी उभे राहून लांब, सरळ दांड्याची अवजारे स्वतः चालवतात. दांडा छिद्राशी अडकलेला असल्याने हात उजवीकडे नेला की आतले टोक डावीकडे जाते, आणि त्या टोकाला मनगट नसते. अस्तर शिवायचे असते पोटाच्या पुढच्या भिंतीला, म्हणजे उताण्या रुग्णाच्या पोटातल्या छताला. तिथे सरळ दांड्याने सुई वळवणे अवघड असल्यामुळे काही सर्जन टाक्यांऐवजी बारीक टाचण्या वापरतात. रोबोटच्या अवजाराला टोकाजवळ मनगटासारखा सांधा असतो, हाताची बारीक थरथर आत पोहोचत नाही आणि चित्र त्रिमितीय दिसते. मात्र सर्जन त्याच खोलीत काही फुटांवर कन्सोलपाशी, म्हणजे रोबोट चालवण्याच्या मेजापाशी, बसलेले असतात आणि अवजाराची प्रत्येक हालचाल त्यांच्याच हाताची असते. यंत्र आपणहून एकही टाका घालत नाही, हे धास्तावलेल्या नातेवाइकांना आधी सांगायला हवे.

या मनगटाचा रुग्णाला किती उपयोग होतो? अमेरिकेत 102 रुग्णांवर झालेल्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रायव्हल’ चाचणीत शस्त्रक्रियेचा मध्यक वेळ रोबोटने 75.5 मिनिटे, तर दुर्बिणीने 40.5 मिनिटे होता. रोबोटचा खर्च जास्त झाला, आणि पहिल्या 30 दिवसांतल्या वेदना किंवा जखमेच्या तक्रारींत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणून एका बाजूचा, पहिल्यांदाच झालेला साधा हर्निया असेल आणि सर्जनचा हात दुर्बिणीवर बसलेला असेल, तर केवळ रोबोटसाठी कर्ज काढू नये असे मला स्पष्टपणे वाटते. आधीच्या शस्त्रक्रियेमुळे आतले थर चिकटले असतील, तर मात्र रोबोटबद्दल सर्जनशी जरूर बोलावे.

हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या आजारामुळे पूर्ण भूल झेपणार नसेल, तर हे दोन्ही मार्ग बाजूला राहतात आणि जांघेपुरती भूल देऊन छेदाची, जाळी बसवण्याची जुनी शस्त्रक्रियाच हिताची ठरते. फुगवटा कडक होऊन आत जाईनासा झाला, दुखू लागला आणि उलट्या सुरू झाल्या, तर निवड करत न बसता त्याच तासाला रुग्णालय गाठावे.