पूल तडकला की नुसता तापला?

पुलांच्या ‘डिजिटल ट्विन’विषयी सांगताना बहुधा संगणकाच्या पडद्यावर फिरणारे एक रंगीत त्रिमितीय चित्र दाखवले जाते आणि ते चित्र म्हणजेच पुलाचे जुळे, असा पाहणाऱ्याचा समज होतो. वास्तविक जुळे असते ते त्या चित्रामागचे गणित. पुलावरच्या सेन्सरांकडून ते सतत मोजमापे घेते आणि आजच्या हवेत, आजच्या वाहतुकीखाली हा पूल कसा वागायला हवा, हे सांगते.

तुळईच्या खालच्या अंगाला मुठीत मावेल एवढा त्वरणमापक, म्हणजे कंपने टिपणारा सेन्सर, बसवलेला असतो. ट्रक निघून गेल्यावरही तुळई काही क्षण थरथरत राहते. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण आलेखावर रेघ आधी दाट नागमोडी होते आणि मग हळूहळू सपाट होत जाते. छेडलेल्या तारेप्रमाणे प्रत्येक पुलाचा स्वतःचा सूर असतो, त्याला नैसर्गिक वारंवारता म्हणतात. ताठरतेला वस्तुमानाने भागून जे येते, त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ती बदलते. तडा गेला की ताठरता घटते आणि सूर उतरतो. मात्र वर्गमुळामुळे ताठरता 10 टक्क्यांनी घटली, तरी वारंवारता जेमतेम 5 टक्क्यांनी उतरते.

इथेच घोडे पेंड खाते, कारण ऊनही सूर उतरवते. स्वित्झर्लंडमधला ‘झेड-24’ हा काँक्रीटचा पूल पाडायचाच होता, म्हणून नोव्हेंबर 1997पासून सुमारे वर्षभर त्याची कंपने आणि तापमान नोंदवण्यात आले. त्यानंतर एक खांब टप्प्याटप्प्याने खाली उतरवून आणि काँक्रीटमधल्या ताणलेल्या पोलादी तारा कापून त्याला मुद्दाम इजा करण्यात आली. पूल धडधाकट असतानाच, पारा शून्याखाली गेला की त्याची वारंवारता झपाट्याने चढत असे, कारण गोठलेले डांबर कडक होऊन पुलाच्या ताठरतेत भर घालत होते. ऋतुमानानुसार होणारा हा चढउतार 10 टक्क्यांहून अधिक होता. एखादी गंभीर इजा त्यात सहज लपून जाईल.

म्हणून जुळ्याचे खरे काम वजाबाकीचे आहे. तापमानावरून अपेक्षित वारंवारता काढायची, ती मोजलेल्या वारंवारतेतून वजा करायची आणि उरलेला फरक नेहमीच्या विखुरण्याबाहेर, म्हणजे साधारणपणे प्रमाण विचलनाच्या तिपटीपलीकडे, सातत्याने जात राहिला तरच इशारा द्यायचा. हेही वाटते तितके सोपे नाही. सकाळी पुलाचा वरचा थर तापतो तेव्हा तुळईचा गाभा अजून रात्रीइतकाच गार असतो, त्यामुळे केवळ हवेचे तापमान घेऊन भागत नाही, निरनिराळ्या खोलीवर तापमापक बसवावे लागतात. शिवाय उरलेल्या फरकावरून मागे जाऊन कोणत्या भागाची ताठरता बदलली हे शोधताना एकाच प्रश्नाला अनेक उत्तरे निघतात: गंजून अडकलेले बेअरिंग (तुळईला टेकूवर किंचित सरकू देणारा भाग) सूर चढवते, तडा तो उतरवतो आणि दोन्ही एकत्र असतील तर एका सुरात बदल दिसेलच असे नाही. पूल एकाच नव्हे, अनेक सुरांत थरथरतो; त्यासाठी ते सगळे सूर आणि प्रत्येक सुरातला डोलण्याचा आकारही ताडून पाहावा लागतो.

सेन्सर बसवले की पूल कधी पडणार ते कृत्रिम बुद्धिमत्ता आधीच सांगेल, ही जाहिरातबाजी मला धोकादायक वाटते, कारण तिच्या भरवशावर प्रत्यक्ष पाहणीला कात्री लागू शकते. स्कॉटलंडच्या फोर्थ रोड पुलावर मुख्य केबलांमधली तार तुटल्याचा आवाज टिपणारे सेन्सर 2006पासून होते. डिसेंबर 2015मध्ये तडा सापडला तो केबलमध्ये नव्हे, तर रस्त्याला आधार देणाऱ्या सांगाड्याच्या एका पोलादी दुव्यात, तोही अभियंत्यांच्या पाहणीत. पूल तातडीने बंद करावा लागला. हलक्या वाहनांसाठी तो 23 डिसेंबरला पुन्हा खुला झाला, अवजड ट्रकना मात्र फेब्रुवारी 2016पर्यंत थांबावे लागले.