‘ऑनलाइन सापडलं नाही, म्हणजे छापूनच आलं नव्हतं’ हा गैरसमज

नाशिकच्या राजकारणाच्या चर्चेत हा दावा सर्रास ऐकू येतो. तो चुकीचा आहे आणि त्यावर काढलेले निष्कर्ष घातक ठरतात.

जुन्या मराठी वृत्तपत्रांच्या अंकांची पानं बहुधा फोटोसारखी स्कॅन केलेली असतात. त्यातला मजकूर संगणकाने ओळखलेलाच नसेल, तर शोधचौकटीत काहीही टाका, निकाल शून्य. ओळखला असला तरी जोडाक्षरं आणि पुसट शाई घोळ करतात. शिवाय ‘नाशिक’ शोधल्यावर ‘नाशकात’ मिळेलच असं नाही. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या मजकुरात तर ‘नाशकांत’, ‘निवडणुकींत’ असे अनुस्वार भेटतात. ‘नासिक’ही शोधा, इंग्रजीत ‘एच’ नसलेलं जुनं स्पेलिंगही.

म्हणून शब्दाआधी तारीख धरा. काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. मग ३ मार्चपासून पुढचे दहा-पंधरा दिवस पानन् पान चाळा, साप्ताहिकं त्याहून पुढे. यशवंतराव चव्हाण १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले. तिथे अर्ज भरणं, छाननी आणि माघार या तिन्ही तारखांभोवतीचे अंक पाहावे लागतात, कारण मतदान झालंच नाही.

आवृत्ती जरूर तपासा. संग्रहात फक्त मुंबईची आवृत्ती असेल, तर जिल्ह्याचं पान त्यात नसू शकतं. अशा वेळी नाशिकच्या ‘सार्वजनिक वाचनालय’ या संस्थेसारख्या जुन्या ग्रंथालयात छापील फाइलींची चौकशी करा. नोंदीत अंकाची तारीख, आवृत्ती, पान आणि स्तंभ लिहा. आणि एकाच वृत्तसंस्थेची बातमी पाच पेपरांत दिसली, तरी तो पुरावा एकच.