शाळेतल्या दोन दारांचा कायदा: मागची गोष्ट

कारखान्यातल्या बाईला जे १९४८ साली कायद्याने मिळालं, ते शाळेतल्या मुलीला मिळायला २००९ उजाडलं. तेव्हाच्या कारखाने अधिनियमाचं १९ वं कलम सांगायचं की पुरुष आणि स्त्री कामगारांसाठी शौचालयं-मुताऱ्या वेगळ्या आणि बंदिस्त हव्यात. म्हणजे किर्लोस्करवाडीला कामावर असलेल्या बाईसाठी वेगळी सोय करणं मालकाला भाग होतं. तिची लेक गावच्या शाळेत सातवीत असेल, तर तिच्यासाठी देशभर लागू होणारं असं कलम पुढची ६१ वर्षं आलं नाही. ट्रान्स मुलांनी शाळेतलं कुठलं स्वच्छतागृह वापरायचं यावरून अमेरिकेत चाललेल्या भांडणावर आपल्याकडे व्हॉट्सॲपवर हिरिरीने मतं पडतात, म्हणून आधी घरचा हिशेब.

पूर्वी हा प्रश्न मुलींची शाळाच वेगळी काढून सुटायचा. साताऱ्याच्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाईंनी १८४८ ला पुण्यात शिकवायला सुरुवात केली ती मुलींच्याच शाळेत, आणि पुढेही शहरांत कन्याशाळा निघत राहिल्या. खेड्यात दोन शाळा परवडणाऱ्या नव्हत्या. कर्मवीरांची रयत १९१९ ला कराडजवळ काले गावात सुरू झाली, १९२४ ला साताऱ्यात आली, आणि अशा संस्थांमुळे हायस्कूल गावागावांत पोचलं. मुलगे-मुली एका वर्गात बसू लागले. पण इमारत बांधताना पैसा आधी वर्गखोल्यांना, मग पत्र्यांना, मग कुंपणाला. मुताऱ्या उरल्या पैशात. तीन भिंती, वर आभाळ, ही मुलग्यांची. मुलींची असलीच तर त्यामागे, दाराला कडी नसलेली. एक आत गेली की मैत्रिणीने बाहेर दार धरून उभं राहायचं. मुलगे करंगळी दाखवून ओढ्याकडे पळायचे. मुली सकाळी पाणीच कमी प्यायच्या.

सांगली जिल्ह्याला इथे थोडा मान द्यायला हवा. तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि संडास हा विषय ग्रामसभेत उघडपणे बोलला जाऊ लागला. स्पर्धा म्हटल्यावर तपासणी आली, आणि तपासणी म्हटल्यावर रंगरंगोटी. समिती येऊन गेली की कुलूप आणि चावी हेडमास्तरांच्या ड्रॉवरमध्ये, हेही आपण पाहिलं आहे.

कायदा आला तो २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या परिशिष्टातून. इमारतीच्या निकषांत एक छोटीशी ओळ आहे: मुलगे आणि मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं. कायदा लागू झाल्यापासून तीन वर्षांची मुदत, म्हणजे ३१ मार्च २०१३. तो कायदा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीच्या मुली त्याच्या बाहेरच राहिल्या. दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये बजावलं की जिथे स्वच्छतागृह नाही तिथे आईबाप मुलींना पाठवत नाहीत, आणि ३ ऑक्टोबर २०१२ ला सगळ्या राज्यांना सहा महिने दिले. मग १५ ऑगस्ट २०१४ ला लाल किल्ल्यावरून वर्षभरात ही सोय सगळ्या शाळांत करण्याची घोषणा झाली आणि वर्षाने ४ लाख १७ हजारांहून अधिक स्वच्छतागृहं बांधल्याचं जाहीर झालं.

बांधली, पण पुढे? सार्वजनिक कंपन्यांनी बांधलेल्या स्वच्छतागृहांची कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेने, १५ राज्यांत नमुना पाहणी केली. २०२० ला संसदेत आलेल्या त्या अहवालात ७२ टक्के ठिकाणी आत नळाचं पाणी नव्हतं, आणि पाहिलेल्या एकत्र शाळांपैकी २७ टक्क्यांत मुलगे-मुलींची वेगळी सोय नव्हती. माण-खटाव, जत, आटपाडीकडच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. प्यायचं पाणी टँकरने येतं तिथे संडासात कोण ओतणार?

मुलींची सोय वेगळी असणं म्हणजे ती सुरक्षित असणं नव्हे, हे ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरने दाखवलं. शाळेतल्याच सफाई कामगारावर दोन चिमुरड्यांवर अत्याचार केल्याचा आरोप झाला. त्यानंतर राज्याने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि मुलींच्या सुरक्षेसाठी कागदावर आधीपासून असलेल्या सखी सावित्री समित्यांची आठवण शाळांना करून दिली. डॉ. जया ठाकूर यांच्या २०२२ च्या याचिकेवर जानेवारी २०२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मासिक पाळीतलं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि प्रत्येक शाळेत पाण्यासह वापरात असलेली स्वतंत्र स्वच्छतागृहं मागितली. इथे पहिल्यांदा भर बांधण्यावरून वापरण्यावर आला.

अमेरिकेतही सुरुवात कारखान्यातूनच झाली: १८८७ चा मॅसॅच्युसेट्सचा कायदा. शाळांसाठी १९७२ च्या टायटल नाइन या शिक्षणातल्या लिंगभेदाला मनाई करणाऱ्या कायद्याखाली १९७५ मध्ये नियम झाले. सोय तुल्यबळ असेल तर स्वच्छतागृहं, शॉवर आणि कपडे बदलायच्या खोल्या लिंगानुसार वेगळ्या ठेवायला त्यांत मुभा आहे. चाळीस वर्षं त्यावर फारसं कोणी भांडलं नाही. मग व्हर्जिनियातला गॅव्हिन ग्रिम हा ट्रान्स मुलगा (जन्मनोंदीत मुलगी, पण स्वतःची ओळख मुलगा) मुलग्यांच्या स्वच्छतागृहासाठी न्यायालयात गेला, आणि मार्च २०१६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाने जन्मदाखल्यावरचं लिंग हाच निकष ठरवला. ओबामा सरकारने मे २०१६ मध्ये ट्रान्स विद्यार्थ्यांच्या बाजूने पत्र काढलं, ट्रम्प सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये ते मागे घेतलं. २०२० मध्ये एका अपील न्यायालयाने ग्रिमच्या बाजूने निकाल दिला. २०२२ च्या अखेरीस दुसऱ्या अपील न्यायालयाने फ्लोरिडाच्या प्रकरणात ७ विरुद्ध ४ मतांनी नेमका उलटा. टेनेसी, अलाबामा, ओक्लाहोमा, ओहायो, टेक्सास अशी कायदे करणाऱ्या राज्यांची रांग लागली आहे. तिथे खोली आहेच. तिच्यात कोणी जायचं, हा वाद आहे. आपल्याकडे अजून कडी लावायची आहे. तिथल्या दोन्ही बाजूंच्या घोषणा उचलून इथे वाद घालणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं.

तिकडच्या या कायद्यांत कपडे बदलायच्या खोल्याही येतात. आपल्या परिशिष्टात मैदान आहे, खेळाचं साहित्य आहे, ही खोली नाही. तालुक्याच्या कबड्डीला मुली ड्रेसच्या आत ट्रॅकपँट घालूनच येतात, नाहीतर वर्गाच्या खिडक्या लावून घेतात.

आणि ट्रान्स मुलं? सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ ला तृतीयपंथीयांना मान्यता देताना वेगळ्या सार्वजनिक स्वच्छतागृहांचाही आदेश दिला. २०१९ च्या कायद्याने शाळांना भेदभावाविना शिक्षण देणं बंधनकारक केलं. २०२१ मध्ये एनसीईआरटी या शालेय शिक्षणाच्या केंद्रीय संस्थेने शिक्षकांसाठी एक पुस्तिका काढली, तीत सर्वांसाठी खुल्या स्वच्छतागृहांची सूचना होती. बाल हक्क आयोगाने हरकत घेतली आणि ती संकेतस्थळावरून उतरवली गेली. जतच्या यल्लम्मा यात्रेत जोगत्याच्या पाया पडणारा हा मुलूख, पण असं मूल शाळेच्या हजेरीपटावर आलं तर त्याने कुठल्या दाराने जायचं, हे शिक्षण हक्काच्या परिशिष्टात कुठेच नाही. मुख्याध्यापक समजूतदार असतील तर शिक्षकांच्या बाथरूमची चावी देतात.