अन्नातील विषद्रव्ये आणि चेतापेशींचा ऱ्हास

अन्न, पाणी किंवा स्वयंपाकाच्या भांड्यांतून थोडे थोडे विष दीर्घकाळ पोटात गेल्याने मेंदू व मज्जारज्जूतील चेतापेशी निकामी होणे किंवा मरणे. मेलेल्या चेतापेशी सहसा भरून निघत नाहीत. त्यामुळे कारण वेळीच सापडणे फार मोलाचे असते. खाणे आणि आजार यांतील काळ थोडा असला, तरच ते लवकर हाती लागते. पुण्यात झालेले दुधाच्या भांड्यांचे संशोधन यकृताच्या आजारावरचे असले, तरी अशा शोधाची रीत त्यात सर्वांत स्वच्छ दिसते, म्हणून ते येथे विस्ताराने दिले आहे.

भारतातील ठळक उदाहरण लाखेच्या डाळीचे. विदर्भात तिला लाखोळी म्हणतात. पाऊस दगा देतो तेव्हाही हे पीक तगते, म्हणून दुष्काळात गरिबाच्या ताटात तेच उरते. मुख्य अन्न म्हणून ती काही महिने खाल्ली, की पाय ताठरतात, माणूस चवड्यांवर चालू लागतो आणि पुढे काठीवाचून चालणे अशक्य होते. बुद्धी मात्र शाबूत राहते. सुश्रुतसंहितेत वातव्याधींमध्ये ‘कलायखंज’ या नावाने अशीच लंगडी, थरथरती चाल वर्णिली आहे. डाळीतील बीटा-ओडॅप हे द्रव्य भारतीय संशोधकांनी 1964 मध्ये ओळखले. ते चेतापेशींना अतिरेकी उत्तेजित करून मारते. डाळ भिजवून, उकळून पाणी ओतून दिल्यास त्याचे प्रमाण घटते. विक्रीवर 1961 मध्ये बंदी आली. 2016 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या समितीने रतन, प्रतीक व महातिवडा या कमी विषाच्या वाणांना अनुकूलता दर्शवली. पुण्यासारख्या शहरात प्रश्न येतो तो तूरडाळ किंवा बेसनातील भेसळीचा. भेसळ हा गुन्हाच आहे, पण अधूनमधून पोटात गेलेल्या लाखेने पाय जात नाहीत.

आता पुण्याकडे. पितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते, हे प्रत्येक जुन्या घरात ठाऊक होते. म्हणून कथील व नवसागर वापरून आतून कल्हई करून घेत. आंबट पदार्थांबाबत एवढी काळजी घेणाऱ्या घरांत दुधाची शंका कोणाला येत नसे, कारण दूध कळकल्याचे जिभेला कळत नाही. त्याच काळात तान्ह्या व लहान मुलांचे यकृत कडक होऊन ती दगावत. ‘भारतीय बालयकृतकाठिण्य’ असे नाव असलेल्या या आजारात यकृतात तांबे प्रचंड साठलेले आढळे. रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी बाळांच्या दुधाची चौकशी केली: वरचे दूध कधी सुरू झाले, ते कशात तापवले, कशात ठेवले. 1983 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी कारण मांडले, की पितळ-तांब्याच्या भांड्यातील जनावराचे दूध लवकर सुरू केल्याने हा आजार होत असावा. दुधातील केसिन हे प्रथिन तांब्याला घट्ट धरते व पोटात घेऊन जाते. असे दूध प्यालेले प्रत्येक मूल आजारी पडत नसे, त्यामुळे आनुवंशिक कलही असावा. ऑस्ट्रियातील टिरोल भागातही असाच बालरोग तांब्याच्या भांड्यांशी जोडला गेला. स्टीलची पातेली घरोघर आली आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. या शहराने वैद्यकाला दिलेल्या देणग्यांत हे काम फार वर ठेवावे लागेल.

तांबे मेंदूतही साठते, पण ते विल्सनच्या आनुवंशिक आजारात. यात हात थरथरतात, बोलणे अडखळते, बुबुळाभोवती तपकिरी-हिरवट कडे दिसते. तांब्याच्या तांब्यातले पाणी निरोगी माणूस पचवतो. या रुग्णांना ते वर्ज्य आहे.

पॅसिफिकमधील ग्वाम बेटावर कंपवात, स्मृतिभ्रंश व स्नायुक्षय यांचा एकत्र रोग विसाव्या शतकाच्या मध्यास फार होता. संशय सायकस झाडाच्या बियांच्या पिठावर गेला. त्यातील बीएमएए हे द्रव्य 1967 मध्ये ओळखले गेले, परंतु वाद मिटलेला नाही.

कंपवाताचे, म्हणजे पार्किन्सन्सचे, कोडे याहून अवघड. रोटेनोन हे कीटकनाशक व पॅराक्वाट हे तणनाशक प्राण्यांत डोपामिन (हालचालींसाठी लागणारे मेंदूतील रसायन) तयार करणाऱ्या पेशी मारतात. ती हाताळणाऱ्या अमेरिकी शेतकरी कुटुंबांत कंपवाताचे प्रमाण सुमारे अडीचपट आढळले (2011). भाजी खाणाऱ्यापेक्षा पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्याबाबतचा हा पुरावा कितीतरी बळकट आहे, आणि बाजारातल्या मेथीच्या जुडीची चर्चा करताना त्याचाच विसर पडतो. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्ण व कुटुंबीयांचा स्वमदत गट आहे. हाताचा कंप दिसू लागतो तोवर त्या पेशींचा मोठा भाग गेलेला असतो, आणि सुरुवात बहुधा अनेक वर्षांपूर्वी झालेली असते; तेव्हाच्या स्वयंपाकघरात जाऊन भांडे तपासता येत नाही.