कमी कर्बोदकांच्या आहारातील भाज्या व फळे : कोल्हापूर परिसर

भात, भाकरी, चपाती, साखर, गूळ आणि बटाट्या-रताळ्यांसारखे पिठूळ कंद कमी करून त्यांच्या जागी प्रथिने, स्निग्ध पदार्थ व कमी पिठूळ भाज्या घेण्याच्या पद्धतीला कमी कर्बोदकांचा आहार किंवा रोजच्या बोलण्यात ‘लो-कार्ब’ म्हणतात. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके ही त्याची सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. २० ते ५० ग्रॅमपर्यंत उतरणाऱ्या कडक प्रकाराला कीटोजनिक आहार म्हणतात. तो १९२१ पासून अपस्माराच्या उपचारासाठी वापरात आला आणि वजन व मधुमेह यांसाठी त्याचा प्रसार पुष्कळ नंतर झाला.

कोल्हापूरच्या घरात भाकरी किंवा भात हे जेवण आणि भाजी हे तोंडी लावणे, अशी ताटाची जुनी मांडणी आहे. त्यामुळे शाळूची भाकरी काढली की ताटातली मोठी जागा रिकामी होते आणि ती कशाने भरायची यावर या आहाराचा सारा कस ठरतो. ही जागा मटण आणि अंडी यांनीच भरण्याकडे या भागात साहजिक ओढा असतो. मटणातून उत्तम प्रथिने, सहज शोषले जाणारे लोह, जस्त आणि ब१२ जीवनसत्त्व मिळते, परंतु तंतू, म्हणजे न पचणारा चोथा, मिळत नाहीत आणि क जीवनसत्त्वही जवळपास नसते. तांबड्या रश्श्यात कांदा, लसूण, खोबरे, कोथिंबीर असते हे खरे. तथापि तिथे भाजी मसाल्याच्या मापाने येते, जेवणाच्या मापाने नव्हे, म्हणून रस्सा प्याल्याने भाजी खाल्ल्याचा हिशेब पुरा होत नाही.

भाकरी सोडताना केवळ पीठ सुटत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके असतात, पण त्यासोबत सुमारे १० ग्रॅम तंतू, १३० मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम आणि ४ मिलिग्रॅम लोहही असते. दोन भाकऱ्या वगळणाऱ्याने साधारण एवढा ऐवज दुसरीकडून आणायचा असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे घ्यावीत. धान्य कमी करणाऱ्याने ही मात्रा किमान मानणे योग्य ठरेल. हे वजन निवडून झाल्यावरचे आहे. मंडईतून आणलेल्या मेथीच्या पेंढीची मुळे व जाड देठे गेली की हाती येणारा पाला बराच कमी भरतो, आणि शिजल्यावर तो वाटीच्या तळाशी बसतो, त्यामुळे ‘आज पालेभाजी झाली’ असे वाटूनही प्रत्यक्षात ती अपुरी पडलेली असते.

लक्ष्मीपुरी आणि कपिलतीर्थ मंडईत मिळणाऱ्या बहुतेक भाज्या या आहारात निर्धास्त बसतात. मेथी, पोकळा, पालक, शेपू, चाकवत, दोडका, दुधी, पडवळ, कारले, काकडी, कोबी, फ्लॉवर, वांगी, टोमॅटो आणि ढबू मिरची यांच्या १०० ग्रॅममध्ये पचणारी कर्बोदके साधारणपणे दोन ते पाच ग्रॅमच्या दरम्यान असतात. कांदा, गाजर व बीट यांत ती त्याहून अधिक, सात-आठ ग्रॅमच्या आसपास भरतात, म्हणून ही कंदमुळे वर्ज्य नसली तरी मोजून घ्यावीत. येथे आकडे वाचणाऱ्याची एक चूक वारंवार होते. अमेरिकी तक्त्यांत एकूण कर्बोदकांत तंतू धरलेले असतात, त्यामुळे ते वजा करावे लागतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या भारतीय तक्त्यांत ते आधीच वेगळे दाखवलेले आहेत, त्यांतून तंतू पुन्हा वजा केल्यास हिशेब चुकतो.

फळांबाबत निवड अधिक काटेकोर हवी. केळ्याच्या १०० ग्रॅम गरात सुमारे २३ ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे कडक आहारातील दिवसभराची मर्यादा एका केळ्यातच जवळपास संपू शकते. चिकू, सीताफळ, द्राक्षे आणि आंबा यांनाही याच पंक्तीत बसवावे लागते. याउलट पेरूच्या १०० ग्रॅममध्ये २०० मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व आणि पाच ग्रॅमच्या वर तंतू मिळतात, तर प्रौढ पुरुषाची दिवसाची क जीवनसत्त्वाची शिफारस ८० व स्त्रीची ६५ मिलिग्रॅम आहे. अर्धा पेरू हे काम सहज करतो. हिवाळ्यातील आवळा त्याच तोडीचा आहे. पपई आणि कलिंगड माफक प्रमाणात चालतात. ‘गुळात लोह असते’ म्हणून तो फळाच्या जागी घेणे मात्र समर्थनीय नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याचा सार्थ अभिमान आहे, तरी पोषणदृष्ट्या तो साखरच आहे.

पोषक द्रव्य भाजीत असणे आणि ते शरीराला मिळणे यांत अंतर असते. वनस्पतींतील लोह मुळात कमी शोषले जाते; सोबत लिंबू, टोमॅटो किंवा कच्ची ढबू मिरची असल्यास ते वाढते, आणि जेवणालगतच्या चहाने घटते. पालक व पोकळा यांतील ऑक्झलेट या कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे त्यांचे कॅल्शियम फारसे हाती लागत नाही, म्हणून कॅल्शियमसाठी मुळ्याचा पाला, जो पुष्कळदा जनावरांपुढे टाकला जातो, आवर्जून शिजवावा. गाजर व पालेभाज्यांतील कॅरोटिन शोषले जाण्यास तेल लागते आणि ते फोडणीतून मिळते. चिरल्यानंतर धुतलेल्या भाजीतून क जीवनसत्त्व व फोलेट पाण्याबरोबर वाहून जातात. धुऊन मग चिरणे हाच योग्य क्रम होय. कोवळी मेथी, मुळा, कांद्याची पात भाकरीसोबत कच्ची खाण्याची या भागातील रीत या दृष्टीने मोलाची आहे आणि भाकरी वगळली तरी ती सोडू नये. पावसाळ्यात राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या बाजूने येणाऱ्या रानभाज्यांपैकी भारंगीसारख्या कडू पाल्याचे पाणी पिळून टाकावेच लागते. घोळ, शेवग्याचा पाला यांना तशी गरज नसते.

मॅग्नेशियमची तूट एकट्या पाल्याने भरून निघणे कठीण असते. तीळ, कारळे, जवस यांच्या चटण्या व शेंगदाण्याचा कूट येथे उपयोगी पडतात. आहार सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात इन्शुलिन उतरते, मूत्रपिंडे मीठ व पाणी अधिक बाहेर टाकतात आणि त्यामुळे थकवा, डोकेदुखी जाणवते. अशा वेळी पालेभाजी, टोमॅटो यांतील पोटॅशियम आणि पुरेसे मीठ यांचा आधार होतो.

मूत्रपिंडाच्या रुग्णांना हेच पोटॅशियम घातक ठरू शकते, आणि वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्यांतील के जीवनसत्त्वामुळे त्यांचे प्रमाण अचानक बदलू नये. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना कर्बोदके घटवल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, म्हणून औषधांची मात्रा डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्यावी लागते. भाज्या-फळांतून ब१२ मिळत नाही आणि ड जीवनसत्त्वही जवळपास मिळत नाही. शाकाहारी व्यक्तीला ब१२साठी दूध, दही, ताक यांवर आणि ते पुरेसे नसल्यास गोळ्यांवर अवलंबून राहावे लागते.