स्प्रे मारला म्हणजे तेल दिलं असं होत नाही

‘ताई, मशीन दर वेळी साफ करतो, तरी ब्लेडची धार गेलीच.’ नाशिकच्या गंगापूर रोडला मी मशीनने कुत्र्यांचे केस कापते, तिथे हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. तेल कधी दिलंत, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘ब्लेड थंड करायचा स्प्रे मारतो ना!’

तेलाबद्दल फार सांगत बसत नाही. घरात शिलाई मशीन असेल तर ते पातळ खनिज तेल तुम्हाला माहीत आहेच, आणि अडीअडचणीला तेच चालतं. ब्लेडच्या दात्यांवर दोन-तीन थेंब, दोन्ही कडांना एकेक, मागे वरचं पातं घासतं तिथे एक. मशीन तोंड खाली धरून थोडं चालवायचं, उरलेलं पुसायचं. खोबरेल मात्र नको. ते २४ अंशांच्या आसपास थिजायला लागतं. नाशिकच्या थंडीत बाटलीचा दगड होतो, मग ब्लेडमध्ये काय होणार! एरवीही ते हळूहळू चिकट होऊन केस धरून ठेवतं.

आता स्प्रे. गोंधळ डब्यावरच छापलेला असतो: थंड करतो, साफ करतो, जंतू मारतो, वंगणही देतो. पहिली तीन कामं तो करतो. चौथ्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

ब्लेड म्हणजे एकावर एक दाबून बसवलेली दोन पाती. खालचं स्थिर, वरचं डावी-उजवीकडे पळणारं. दोघांच्या मध्ये तेलाचा पातळ थर हवा, नाहीतर लोखंडावर लोखंड घासतं आणि तापतं. स्प्रे मारला की तो भर्रकन उडून जातो आणि जाताना उष्णता घेऊन जातो, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारल्यासारखं. पण त्याच फवाऱ्यात केसांच्या भुशाबरोबर आधीचं तेलही धुऊन निघतं. म्हणजे ब्लेड गार झालं, पण होतं त्यापेक्षा कोरडं. दहा मिनिटांत पुन्हा तापतं, पुन्हा स्प्रे. असं हे चक्र. मनगटाच्या आतल्या बाजूला ब्लेड टेकवून बघा. तिथे चटका बसला तर कुत्र्याच्या पोटाला काय होत असेल?

म्हणून स्प्रेनंतर पुसायचं आणि तेल द्यायचं. दर वेळी. छाटणीची कात्री औषधात बुडवणं वेगळं आणि तिला तेल देणं वेगळं, हे निफाडच्या बागायतदाराला कुणी शिकवावं लागत नाही.

जंतूंचं म्हणाल, तर आधी ब्रशने केस झाडा आणि डब्यावर लिहिलेली मिनिटं ब्लेड ओलं राहू द्या. फुस्स करून लगेच पुसणं म्हणजे नुसतं अत्तर लावणं. आणि गंजलेले स्क्रू सोडवायचा स्प्रे कृपा करून ब्लेडवर मारू नका.

मागच्या महिन्यात एकजण दहा नंबरचं ब्लेड घेऊन आले, धार कुठे लावून मिळेल विचारत. धार लावणं म्हणजे धातू घासून काढणं, ब्लेडचं आयुष्य तेवढं कमी. मी वरचं पातं सरकवलं. खाली केस आणि पावडरीचा करडा लगदा, तेलाचा मागमूस नाही. झाडलं, पुसलं, पाच-सहा थेंब दिले. त्यांच्या शित्झू जातीच्या कुत्र्याच्या पोटावरचे केस त्याच ब्लेडने एका फेरीत निघाले, आणि तो बिचारा टेबलावर पेंगत होता.